इवायाच्या गाडीचा शंख

आमच्या बाबांच्या तोंडून "मले येत नाही" हे शब्द मी जन्मात ऐकले नाहीत. अमरावतीच्या एका सूतगिरणीत ते फिटर होते. गिरणीतून सुटले की गल्लीतल्यांचे मिक्सर, शिवणयंत्रं, देवळातला भोंगा, जे येईल ते अंगणात खोलून बसायचे. एकदा शेजारच्या आजोबांची कवळीसुद्धा त्यांनी जोडून दिली, आणि ती पुढे भर पंगतीत वरणात पडली हे आई कोणत्याही पाहुण्याला सांगायला चुकत नसे. पण बाबांच्या याच खोडीपायी माझ्या थोरल्या बहिणीचं, ज्योतीताईचं, लग्न मोडता मोडता राहिलं, ते मात्र आईने मरेपर्यंत कोणाला सांगितलं नाही. आता आई नाही, बाबाही नाहीत, आणि परवा फोनवर ताईनेच हसत हसत परवानगी दिली, "लिही, रंजे. आता कोन मोडते लग्न?" म्हणून लिहायला बसले.

ताईचं साक्षगंध अकोल्याला मुलाच्या घरी झालं. साखरपुड्याला आमच्याकडे साक्षगंध म्हणतात, व्याह्याला इवाई, आणि बोलताना 'ळ'चा सर्रास 'य' होतो. आमचे इवाई पुंडलिकराव, त्यांची अकोल्यात लहानशी डाळ मिल होती. माणूस सरळ, पण मोजकं बोलणारा, आणि चेहरा असा की ते खूश आहेत की नाराज हे त्यांच्या बायकोलाही कळू नये. पंगतीत त्यांनी सहज सांगितलं की त्यांची जीप आजकाल चढावर दम सोडते, काळा धूर ओकते. मेकॅनिक म्हणतात टर्बो गेला, नवा आणावा लागेल. बाबांच्या हातात पुरीचा घास होता. तो तसाच खाली ठेवून ते म्हणाले, "नवीन कायले, इवाई? माह्याकडं पाठवा. घरी खोलून देतो. आन असा दमदार करून देतो का चिखलदऱ्याचा घाट हसत चढन."

"तुमी तं सूतगिरणीतले. समजते का यातलं तुमाले?" पुंडलिकरावांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता, ते खरंच विचारत होते. पण आईने मान खाली घातली. तिला कळून चुकलं की आता ब्रह्मदेव आला तरी बाबा माघार घेणार नाहीत.

"समजते का म्हंजे?" बाबा म्हणाले.

"पाहा बरं. लग्नाले नवरदेव त्याच गाडीतून येनार हाय."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण ताईचं त्याआधी एकदा ठरून मोडलं होतं. साक्षगंध झालं, साडी नेसवून झाली, आणि थोड्याच दिवसांत मुलाच्या आत्याला पोरगी सावळी वाटली असा निरोप आला. त्यानंतर ताई आरशाकडे पाठ करून वेणी घालायची. आई विचारायची नाही आणि ताई सांगायची नाही. दुसऱ्यांदा असा निरोप आला तर ताईचं काय होईल, हा विचार मला झोपू देत नसे. आणि बाबा त्याच घरची गाडी अंगणात खोलायला निघाले होते.

गाडी आली. मी तेव्हा कॉलेजात जात होते, पण अंगणातल्या कामात बाबांचा उजवा हात मीच. दोघांनी मिळून तो टर्बो काढला आणि घमेल्यात ठेवला. गोल, वळत गेलेला, एका बाजूला रुंद तोंड. आईने बाहेर येऊन पाहिलं आणि नकळत हात जोडले, मग स्वतःवरच चिडली. "मले वाटलं शंख हाय," ती म्हणाली. तेव्हापासून आमच्या घरात तो शंखच झाला. बाबांनी मला समजावून सांगितलं होतं: इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोराने एक चक्र फिरतं, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र असतं, ते बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतं. हवा जास्त तेवढी ताकद जास्त. दिसायला सोपं आहे, पण तो बोटाएवढा दांडा इतक्या वेगाने फिरतो की केसाएवढी खोटही त्याला खपत नाही.

त्या दिवसांत घराला रॉकेलचा वास लागला होता. सुटे भाग रॉकेलने धुऊन दिवाणाखाली वर्तमानपत्रावर मांडलेले. कढीला तोच वास, उशीला तोच वास. आईने बाबांशी बोलणं टाकलं होतं. ती स्वयंपाकघरातून भिंतीला सांगायची, "कोनाले जेवाचं असन तं जेवून घ्या," आणि बाबा भिंतीलाच "येतो" म्हणायचे. आमच्याकडे अजून पंपाचा स्टोव्ह होता आणि तो अधूनमधून भडकायचा. अशा वेळी पाणी टाकायचं नाही, पळायचं नाही, वरून परात पालथी घालून त्याचा दम कोंडायचा, हे आईने आम्हा दोघींना लहानपणीच शिकवलं होतं. त्या आठवड्यात स्टोव्ह भडकला की आई परात अशी आपटायची की बाहेर बाबांच्या हातातला पाना थांबायचा.

पहिलं संकट नटाचं आलं. हवेच्या बाजूचं चक्र एका नटाने बसवलेलं होतं आणि तो काही केल्या सुटेना. मी दुसरी बाजू धरून ठेवलेली, बाबा पान्याला लोंबकळलेले. त्यांनी पान्याच्या दांड्यावर नळीचा तुकडा चढवला, म्हणजे जोर आणखी वाढावा. आई आणि ताई दारात येऊन उभ्या राहिल्या. दांडा तुटला असता तर सगळंच संपलं असतं. माझ्या बोटांना तो दांडा किंचित पिळल्यासारखा जाणवला आणि मी ओरडणार एवढ्यात बाबांनी पाना सोडला. खाली बसले. कपाळावरचा घाम पुसला. "उलटे आटे हायेत," ते हळूच म्हणाले. चक्र ज्या दिशेला फिरतं त्याने नट आपोआप सैल होऊ नये म्हणून त्याचे आटे उलटे पाडलेले असतात. आम्ही सोडवतो असं समजून इतका वेळ आवळत होतो. बाबांनी पाना दुसऱ्या बाजूने लावला आणि नट बाटलीच्या झाकणासारखा निघून आला.

"म्हंजे तुमच्यासारखाच हाय थो," आई दारातून म्हणाली, "सोडाले गेलं का आवयते." त्या आठवड्यात ती बाबांशी थेट बोलली ते हे पहिलं वाक्य. आम्ही सगळे हसलो, बाबाही हसले. तेव्हापासून हट्टी माणसाला आमच्याकडे 'उलट्या आट्याचा' म्हणतात. माझ्या सासरीही आता तो शब्द रुळलाय.

पुढचं काम मात्र बाबांनी असं केलं की आठवलं तरी अभिमान वाटतो. दांडा डुगडुगत होता कारण त्याला धरणारे पितळी बुश झिजले होते. बाबांनी नांदगाव पेठच्या एका ओळखीच्या वर्कशॉपात जाऊन, लेथवर स्वतः उभं राहून नवे बुश केले. खोलण्याआधीच त्यांनी नटावर, चक्रावर आणि दांड्यावर सुईने एक बारीक रेघ मारून ठेवली होती. जोडताना ती रेघ जिथल्या तिथे जुळवली, म्हणजे तोल ढळू नये. माझी बोटं बारीक म्हणून दांड्यावरच्या नाजूक कड्या मी बसवल्या. मग इवायाला कबूल केलेला दम. शंखाला एक लहान झडप असते, जोर फार झाला की उघडून धूर परस्पर बाहेर सोडते. बाबांनी तिच्या दांडीचे आटे थोडे आवळून घेतले, म्हणजे झडप उशिरा उघडावी आणि गाडीने जास्त ओढावं. माझा भाचा आज गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. तो हे ऐकून डोक्याला हात लावतो आणि म्हणतो, "मावशी, असं कोणी करू नये बरं का." मीही तेच सांगते.

शेवटी राहिलं पॅकिंग. शंखाला वरून ऑइल मिळतं आणि खालच्या नळीतून ते परत इंजिनात पडतं. त्या नळीच्या जोडावर जाड कागदाचं पॅकिंग लागतं. बाबा असली पॅकिंगं हाताला लागेल त्या पुठ्ठ्याची करायचे. घरात ताईच्या लग्नपत्रिकांचे गठ्ठे नुकतेच येऊन पडले होते, चांगल्या जाड कागदाच्या, आणि वरच्या एकीवर हळद सांडली होती. बाबांनी ती उचलली. कागद जोडावर ठेवून कडेकडेने हातोडीने हलके ठोकत गेलं की तो आपोआप कापला जातो. बाहेरची कड आणि बोल्टची भोकं कापून झाल्यावर ते मध्येच थांबले. कागद उचलून पाहिला, जरासा सरकवून पुन्हा ठेवला आणि मधलं भोक ठोकू लागले. मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

गाडी न्यायला पुंडलिकराव स्वतः आले, बसने. आईने सकाळपासून पुरण घातलं होतं. अंगणात खुर्ची टाकली, त्यावर ते ताठ बसले, चहा अर्धाच प्याले. ताई आत पोळ्या लाटत होती. हवेच्या फिल्टरचा पाइप बाबांनी मुद्दामच लावला नव्हता, कारण शंखाच्या उघड्या तोंडातून आतलं चक्र कसं फिरतं ते त्यांना इवायाला दाखवायचं होतं. मला त्यांनी ड्रायव्हरच्या जागी बसवलं. "मार स्टार्टर, रंजे."

इंजिन पहिल्याच फटक्याला लागलं. धूर नाही, खडखड नाही. मग शंखातून बारीक शिट्टी सुरू झाली. "ऐका, इवाई," बाबा म्हणाले. बॉनेटच्या फटीतून मला त्यांचा चेहरा दिसत होता, असा चेहरा मी त्यांचा फार थोड्या वेळा पाहिलाय. शिट्टी वर चढली. आणखी चढली. खाली येईना.

"पाय काढ!" बाबा ओरडले.

"पाय नाहीच हाय!" मी दोन्ही पाय वर सीटवर घेतले होते.

"चावी बंद कर!"

मी चावी फिरवली. मग सरळ उपटून हातात घेतली. चावी माझ्या हातात आणि इंजिन मात्र आधीपेक्षा जोरात किंचाळत होतं. स्टिअरिंग थरथरत होतं, काच थरथरत होती, माझे दात वाजत होते. मागून निळसर पांढरा धूर असा निघाला की गल्ली दिसेनाशी झाली. कोणीतरी "आग, आग" म्हणून ओरडलं. पुंडलिकराव उठले तेव्हा खुर्ची मागे पडली. मला खाली उतरायचं सुचत नव्हतं. इंजिन आता फुटणार आणि मी त्याच्या समोरच बसलेय, एवढंच कळत होतं. आणि मग मी पाहिलं की बाबा आपला उजवा पंजा शंखाच्या उघड्या तोंडावर दाबायला निघालेत. आतलं चक्र त्यांची बोटं ठेवणार नव्हतं.

"बाबा, हात नोका लावू!"

ताई स्वयंपाकघरातून पळत आली ती हातात पोळपाट घेऊनच. तिने बाबांना खांद्याने बाजूला लोटलं आणि पोळपाटाची सपाट बाजू धाडकन शंखाच्या तोंडावर दाबली. पोळपाट आतून ओढला गेला, चिकटून बसला. ताईने वरून दोन्ही हात रोवले, डोळे मिटले. इंजिन खोकलं, सगळी गाडी एकदा अंगभर हादरली, आणि बंद पडली.

आत तव्यावर पोळी करपत होती, तिचा वास बाहेर आला. ताईच्या कोपरापर्यंत कणीक होती.

बाबा पुंडलिकरावांपुढे गेले आणि त्यांनी हात जोडले. माझ्या बाबांनी. "चुकलं, इवाई. माह्यं चुकलं. काहीबी करून गाडी नीट करून देतो. पोरीवर राग नोका काढू." ते जसजसे बोलत गेले तसतसा पुंडलिकरावांचा जबडा घट्ट होत गेला. शेवटी ते एवढंच म्हणाले, "मी निघतो." आईने दारात पदर तोंडाला लावला. या "मी निघतो"नंतर काय येतं ते आम्हाला माहीत होतं. थोड्या दिवसांनी निरोप येतो.

बाबा आणखी विनवणार होते, पण ताईने त्यांना थांबवलं. पहिलं ठरलेलं मोडलं तेव्हा ती एक शब्द बोलली नव्हती. या वेळी फाटकाकडे वळलेल्या होणाऱ्या सासऱ्याला ती म्हणाली, "मामाजी, असे नोका जाऊ. गाडी तुमची हाय. काऊन पयाली थे डोयानं पाहून जा. बाबा, पाना द्या मामाजीले."

बाबांनी पाना आणखी घट्ट धरला. मुलाच्या बापाच्या हाती पाना! आमच्याकडे त्याच्या हाती पाण्याचा ग्लासही खाली वाकून देतात. ताईने बाबांच्या हातातला पाना घेतला आणि पुंडलिकरावांपुढे धरला. तिने हात मागे घेतला नाही. पुंडलिकरावांनी पान्याकडे पाहिलं, तिच्या कणकीच्या हाताकडे पाहिलं. मग त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या.

"कोनत्या बाजूनं फिरवाचं?"

"हे सुलटं हाय," ताई म्हणाली.

खालची नळी सुटली तसं तुंबलेलं ऑइल भळभळ जमिनीवर आलं. तेव्हा सगळं उघड झालं. पॅकिंगचं भोक नळीच्या भोकावर आलंच नव्हतं. अर्ध्याहून जास्त वाट कागदाने अडवलेली होती. वरून येणारं ऑइल खाली पडायला जागा नव्हती, ते शंखात चढलं, तिथून हवेबरोबर इंजिनात गेलं, आणि इंजिन आपलंच ऑइल पीत सुटलं. त्याला चावीची गरजच उरली नव्हती. बाबांनी तो कागद सोडवून सदऱ्याने पुसला. त्यावर लाल शाईतला गणपती होता, ऑइलने भिजलेला, पण अख्खा.

"भोक बरोब्बर गनपतीवर येत होतं," बाबा खाली मान घालून म्हणाले. "सोंडेवरच. हातोडी मारवली नाही मले. म्हनून जरासं सरकवलं."

मला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडू फुटलं. पण आई हसली नाही. "आपल्याच पोरीची पत्रिका?" ती म्हणाली. पोरीच्या लग्नाची पत्रिका, त्यावरचा देव, आणि तो असा काळ्या ऑइलात. यापेक्षा मोठा अपशकुन कोणता? अकोल्याला विहीणबाईंच्या कानावर हे गेलं असतं तर त्यांना दुसरं कारण शोधावं लागलं नसतं.

पुंडलिकरावांनी तो चिटोरा हातात घेऊन पाहिला. चेहऱ्यावर नेहमीसारखंच काही नाही. मग म्हणाले, "दुसरी पत्रिका आना. आन कैची."

मी आणून दिली. ते अंगणात पालथ्या बादलीवर बसले, हात पुसले, आणि कोऱ्या पत्रिकेवरचा गणपती कापू लागले. अगदी सावकाश, मुकुटाचं टोक जाऊ नये, उंदराची शेपटी जाऊ नये, अशा बेताने. आम्ही चौघं भोवती उभे होतो. गणपती सुटा झाला तसा त्यांनी तो कपाळाला लावला, शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला, आणि उरलेली पत्रिका बाबांपुढे धरली.

"घ्या. आता पाडा भोक."

मग आत वळून म्हणाले, "एखांदी पोयी वाचली का सगया करपल्या?"

संध्याकाळी ते गाडी घेऊन एकटेच अकोल्याला गेले. जाताना "घरी हे सांगत नसतो मी" एवढं म्हणाले. त्यावर आईचा पूर्ण विश्वास बसला नाही. लग्नापर्यंत कोपऱ्यावरच्या दुकानातून फोन आल्याची हाक आली की ती हातातलं टाकून भिंत धरायची. पोळपाटावर शंखाच्या तोंडाचं काळं वर्तुळ उमटलं होतं, ते राखेने घासूनही गेलं नाही. आईने तो फेकायला काढला होता, पण ताईने रुखवतात मांडायला लावला. आजही अकोल्याला तिच्या स्वयंपाकघरात तो खिळ्याला टांगलेला आहे. त्यावर ती पोळ्या लाटत नाही आणि कोणाला हातही लावू देत नाही.

लग्नाच्या दिवशी नवरदेव आला नाही. म्हणजे यायच्या वेळेला आला नाही. मांडव भरला, सनई वाजून थकली, भटजी घड्याळ पाहू लागले. मावश्यांची कुजबुज सुरू झाली आणि "मागच्या खेपेसारखं" हे शब्द माझ्या कानावर पडले. आत ताई शालू नेसून बसलेली, आणि तिने आरसा उलटा करून ठेवला होता. तो आरसा पाहून मला राहवेना, मी बाहेर आले. सगळे पुरुष फाटकात उभे राहून बडनेऱ्याच्या बाजूला रस्त्यावर डोळे लावून होते. बाबा एकटेच बाजूला, डोळे मिटून उभे.

"काय करून राहिले, बाबा?"

"ऐकून राहिलो."

रस्त्यावर ट्रक होते, ऑटो होते, कुठे बँड होता. मला काहीच वेगळं ऐकू येत नव्हतं. बाबांचे ओठ हलत होते. मग त्यांनी माझं मनगट एकदम घट्ट धरलं, आणि त्या सगळ्या गोंगाटाच्या पलीकडून, दुरून, बारीक शिट्टी आली. वर चढली, आणि या खेपेला वेळेवर खाली उतरली.

"आले," बाबा म्हणाले आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.

गाडीतून आधी पुंडलिकराव उतरले. "उशीर झाला, इवाई. गाडी लय पयते तुमची. वऱ्हाडाची बस मांगं राह्यली, तिच्यासाठी मूर्तिजापूरले थांबलो. बस सोडून नवरदेव कसा आनाचा?" बाबांनी पुढे होऊन इवायाला कडकडून मिठी मारली. पुंडलिकरावांनी एक हात मध्ये घातला आणि शर्टाचा वरचा खिसा सांभाळला.

"हयू, इवाई," ते म्हणाले, "खिशात गनपती हाय."